रक्तद्रवातील विषाणुजन्य डी.एन.ए. आणि नासाग्रसनीच्या कर्करोगाचे फलानुमान

कर्करोगाचे निदान एकदा निश्चित झाले म्हणजे त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न उभा राहतो. रोग पुढे कोणत्या गतीने वाढेल, उपचारांना तो कितपत दाद देईल, आणि बरा झालेला दिसला तरी पुन्हा उद्‌भवण्याचा संभव किती, हे आधी सांगता येईल काय? वैद्यकाच्या परिभाषेत यालाच फलानुमान म्हणतात. हे अनुमान मुख्यतः तीन शारीर गोष्टींवरून बांधले जाते: मूळ अर्बुदाचा विस्तार, जवळच्या लसीका ग्रंथींत झालेला प्रसार, आणि दूरच्या अवयवांत दुय्यम अर्बुदांचे अस्तित्व. या तिन्हींच्या मेळातून रोगाची अवस्था ठरते. पद्धत जुनी आहे आणि उपयुक्तही आहे; परंतु एकाच अवस्थेतील दोन रोग्यांची वाटचाल पुष्कळदा अगदी भिन्न होते, याचा उलगडा तिच्याने होत नाही. डोळ्यांना किंवा क्ष-किरणांना दिसणाऱ्या आकारापलीकडे, शरीरात जिवंत कर्कपेशी एकूण किती आहेत हे मोजण्याचे साधन हाती असावे, अशी अपेक्षा म्हणूनच फार दिवसांपासून बाळगली जात होती. नासाग्रसनीच्या, म्हणजे नाकाच्या मागे व घशाच्या वर असलेल्या पोकळीच्या, कर्करोगात हे साधन एका विषाणूने उपलब्ध करून दिले आहे.

हा कर्करोग जगाच्या बहुतेक भागांत विरळ आहे. लाखात वर्षाला एकाहून कमी माणसांना तो होतो. याला ठळक अपवाद दक्षिण चीनचा. क्वांगतुंग व क्वांगशी हे प्रांत आणि हाँगकाँग येथे तो इतका आढळत आला आहे की त्याला ‘कँटनचे अर्बुद’ असे लौकिक नाव पडले. आग्नेय आशिया, उत्तर आफ्रिका आणि ग्रीनलंडचे मूळ रहिवासी यांच्यातही त्याचे प्रमाण अधिक आहे. भारतात महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांत तो क्वचितच दिसतो; नागालँड, मणिपूर व त्यांच्या आसपासच्या डोंगराळ प्रदेशात मात्र तो लक्षणीय आहे. अशा चमत्कारिक भौगोलिक वाटणीमागे आनुवंशिक प्रवणता आणि बालपणापासून खाल्ले जाणारे खारवलेले मासे यांसारखी कारणे सांगितली जातात. परंतु ज्या भागांत रोग बोकाळलेला आहे तेथील जवळजवळ प्रत्येक अर्बुदात एक तिसरा घटक हजर असतो. तो म्हणजे एप्स्टाइन-बार विषाणू.

या विषाणूचा शोध दुसऱ्याच एका कर्करोगाच्या निमित्ताने लागला. युगांडात काम करणारे शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी आफ्रिकी मुलांच्या जबड्यात होणाऱ्या अर्बुदाचे वर्णन १९५८ मध्ये केले. त्यांचे व्याख्यान १९६१ मध्ये लंडनमध्ये ऐकल्यावर अँथनी एप्स्टाइन यांना या अर्बुदामागे विषाणू असावा असा संशय आला, आणि १९६४ मध्ये एप्स्टाइन, बर्ट अचाँग व इव्हॉन बार यांनी त्या पेशींतील विषाणूचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले. नासाग्रसनीच्या रोग्यांच्या रक्तरसात याच विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे असल्याचे १९६६ मध्ये दिसून आले, आणि हाराल्ड झुर हाउझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये खुद्द अर्बुदाच्या ऊतकात विषाणूचे डी.एन.ए. दाखविले. पुढे नॅन्सी राब-ट्राउब व कॅथरिन फ्लिन यांनी १९८६ मध्ये एक मार्मिक गोष्ट सिद्ध केली. विषाणूचे डी.एन.ए. पेशीत शिरल्यावर त्याची दोन्ही टोके जुळून वर्तुळ बनते. टोकांशी असलेल्या पुनरावृत्त खंडांची संख्या या जुळणीच्या वेळी ठरते, व ती प्रत्येक संसर्गात वेगळी असू शकते. एका अर्बुदातील सर्व पेशींत मात्र ही संख्या एकच आढळली. याचा अर्थ असा की, सर्व पेशी एकाच संसर्गित पेशीच्या संतती आहेत आणि विषाणू अर्बुदवाढीला सुरुवात होण्यापूर्वीच तेथे होता. अर्बुद वाढल्यावर विषाणू मागाहून येऊन बसला ही शंका त्यामुळे मागे पडली.

येथे एक अडचण लक्षात घेतली पाहिजे. हा विषाणू काही विशिष्ट लोकांनाच होतो असे नाही. जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो आयुष्यभर मुक्काम ठोकून असतो. बी-लसीका पेशींत तो सुप्त राहतो. तेव्हा ‘विषाणू आहे’ या विधानाने निदानही होत नाही आणि फलानुमानही होत नाही. प्रतिपिंडांच्या परीक्षेने काही अंशी मार्ग काढता आला. या विषाणूच्या आवरणाविरुद्धची ‘ए’ वर्गातील प्रतिपिंडे नासाग्रसनीच्या रोग्यांत विशेष वाढतात, हे ध्यानी घेऊन झंग यी यांनी क्वांगशी प्रांतातील वूचौ येथे मोठ्या लोकसमूहाची तपासणी केली. पण प्रतिपिंडे ही शरीराने विषाणूला दिलेल्या प्रतिसादाची नोंद असते. अर्बुद नष्ट झाल्यानंतरही ती रक्तात दीर्घकाळ टिकून राहतात. रोग या घटकेला किती उरला आहे, हे त्यांच्यावरून सांगता येत नाही.

पेशींबाहेर, मोकळ्या रक्तद्रवात, न्यूक्लिइक अम्ले तरंगत असतात हे फ्रान्समधील मांदेल व मेतै यांनी १९४८ मध्येच नोंदविले होते. या निरीक्षणाकडे कित्येक वर्षे कोणी फारसे पाहिले नाही. कर्करोग्यांच्या रक्तरसात अशा डी.एन.ए.चे प्रमाण वाढलेले असते हे १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले, तरी त्यातून व्यवहारोपयोगी असे काही निघेना. कारण ते डी.एन.ए. कर्कपेशींचे की निरोगी पेशींचे हे ओळखण्याची खूण नव्हती. गर्भाचे डी.एन.ए. मातेच्या रक्तद्रवात सापडते हे हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठातील डेनिस लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखविले, आणि सर्वांचे लक्ष पुन्हा रक्तद्रवाकडे वळले. नासाग्रसनीच्या कर्करोगात तर ओळखीची खूण आयतीच मिळत होती: विषाणूचा जीनोम मानवी जीनोमाहून सर्वस्वी भिन्न, सुमारे १,७२,००० क्षारकयुग्मांचा, आणि त्याचा संपूर्ण क्रम १९८४ पासून ज्ञात. शिवाय प्रत्येक कर्कपेशीत त्याच्या अनेक प्रती. पेशी मेली की त्या रक्तात सांडणार.

थायलंडमधील संशोधकांनी १९९८ मध्ये रोग्यांच्या रक्तरसात हे डी.एन.ए. शोधले, परंतु ते थोड्याच रोग्यांत सापडले. पुढच्याच वर्षी लो यांच्या गटाने पॉलिमरेज शृंखला विक्रियेची परिमाणात्मक पद्धत योजली. या पद्धतीत इष्ट खंडाच्या प्रती फेरीगणिक दुप्पट होत जातात, आणि प्रतिदीप्ती ठराविक पातळी कितव्या फेरीत गाठते यावरून मूळ प्रतींची संख्या काढता येते. त्यांच्या ५७ रोग्यांपैकी ५५ जणांच्या, म्हणजे ९६ टक्के रोग्यांच्या, रक्तद्रवात विषाणूचे डी.एन.ए. आढळले. तुलनेसाठी घेतलेल्या ४३ निरोगी माणसांत ते केवळ ३ जणांत होते. पुढारलेल्या अवस्थेतील रोग्यांत त्याची पातळी प्रारंभिक अवस्थेतील रोग्यांहून बरीच वरची होती. थायलंडमधील व हाँगकाँगमधील निष्कर्षांत इतके अंतर पडावे, यावरून मोजणीची पद्धत या विषयात किती निर्णायक ठरते हे दिसते. तिचा विचार पुढे येईलच.

हे डी.एन.ए. कोणत्या स्वरूपात असते? पूर्ण विषाणुकण रक्तात फिरत असतील, अशी प्रथम कल्पना होणे साहजिक आहे. परंतु २००३ मध्ये केलेल्या परीक्षणात असे दिसले की, डी.एन.ए. तोडणारे विकर रक्तद्रवात घातले की ते सहज नष्ट होते. कणाच्या प्रथिन-आवरणात ते सुरक्षित असते तर असे झाले नसते. त्याचे बहुसंख्य तुकडे १८१ क्षारकयुग्मांहून आखूड होते. मरणाऱ्या पेशींचे रंगद्रव्यसूत्र गुठळीगुठळीत तुटते तेव्हा जे तुकडे पडतात त्यांची लांबी साधारण अशीच असते. म्हणजे रक्तद्रवात मोजले जाते ते विषाणूच्या प्रजननाचे माप नव्हे. ते कर्कपेशींच्या मरणाचे माप आहे, आणि पेशींची उलाढाल अर्बुदाच्या वस्तुमानाशी निगडित असल्याने पर्यायाने अर्बुदाचेही. सुप्त विषाणू वाहणाऱ्या लसीका पेशींचा उपसर्ग टाळण्यासाठी रक्तातील पेशी आधी काळजीपूर्वक वेगळ्या काढाव्या लागतात ते याच कारणाने. संपूर्ण रक्तात मोजणी केली तर दोन निरनिराळ्या उगमांचे डी.एन.ए. एकत्र मिसळते.

या मापाची खरी कसोटी उपचारकाळात लागली. किरणोपचार चालू असताना लो यांच्या गटाने २००० मध्ये पातळीचा मागोवा घेतला. पहिल्या आठवड्यात पातळी प्रथम वाढली, पेशी एकदम मरू लागल्याचा तो परिणाम समजावा. नंतर ती उतरत गेली, आणि या उताराचे मध्यक अर्धायुष्य ३.८ दिवस निघाले. काही रोग्यांत पुनरुद्‌भवलेले अर्बुद शस्त्रक्रियेने काढून टाकले गेले. त्यांच्यात २००३ मध्ये हेच मोजले तेव्हा अर्धायुष्य अवघे १३९ मिनिटे होते. दोन आकड्यांतील ही तफावत विरोधाभास नाही, उलट फार बोधप्रद आहे. शस्त्रक्रियेत उगमच नाहीसा होतो, म्हणून १३९ मिनिटे हे रक्तातून डी.एन.ए. निचरा होण्याचे खरे माप. एका अहोरात्रात अशी दहा अर्धायुष्ये उलटतात आणि मूळ प्रमाणाचा सहस्रांशदेखील उरत नाही. किरणोपचारात मात्र उगम हळूहळू आटत असतो. रक्त दर दोन-अडीच तासांनी निम्मे स्वच्छ होत असताना पातळी मात्र चार दिवसांनी निम्मी होते, याचा अर्थ ती अर्बुद आटण्याचा वेग दाखविते. यातून आणखी एक गोष्ट ओघाने निघते. उपचार संपून काही आठवडे झाल्यावरही रक्तद्रवात विषाणूचे डी.एन.ए. सापडत असेल, तर ते जुने उरलेले असणे अशक्य आहे. कोठे तरी जिवंत कर्कपेशी आहेत आणि त्या त्याची भर घालीत आहेत.

फलानुमानाच्या दृष्टीने झालेल्या अभ्यासांनी हे तर्क बहुतांशी खरे ठरविले. हाँगकाँगमधील अँथनी चॅन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये १७० रोग्यांचा वृत्तांत दिला. किरणोपचारानंतर जवळजवळ सर्वांचे अर्बुद नाहीसे झालेले दिसत होते. तथापि उपचारानंतर ६ ते ८ आठवड्यांनी ज्यांची पातळी वर राहिली त्यांच्यात रोग पुढे बळावला, आणि उपचारापूर्वीच्या पातळीपेक्षा उपचारानंतरची पातळी अधिक विश्वसनीय ठरली. तैवानमधील लिन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तिसऱ्या व चौथ्या अवस्थेतील ९९ रोग्यांविषयी लिहिले. उपचारापूर्वी दर मिलिलिटरला १,५०० किंवा अधिक प्रती असलेल्यांचे, तसेच उपचारानंतर आठवड्यानेही डी.एन.ए. आढळलेल्यांचे आयुर्मान इतरांहून कमी होते. लुंग व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ३७६ रोग्यांत ४,००० प्रतींची सीमारेषा लावून पाहिली. रोग प्रारंभिक अवस्थेत असूनही ज्यांची पातळी या रेषेच्या वर होती, त्यांची गती तिसऱ्या अवस्थेतील रोग्यांसारखीच झाली. प्रस्तुत विषयातील हा कदाचित सर्वांत बोलका पुरावा होय, कारण शारीर अवस्थेला जे दिसले नव्हते ते येथे रक्ताने सांगितले.

इतके झाल्यावर पुढचे पाऊल सोपे वाटावे: ज्यांच्या रक्तात डी.एन.ए. उरले आहे त्यांना अधिक औषध द्यावे. हाँगकाँगमधील संशोधकांनी ही कल्पना यदृच्छ वाटणीच्या चाचणीने पारखली आणि निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. मूळ उपचार पूर्ण केलेल्या ७८९ रोग्यांचे रक्त तपासण्यात आले. त्यांपैकी २१६ जणांत, म्हणजे २७.४ टक्क्यांत, विषाणूचे डी.एन.ए. आढळले. त्यांतील पात्र अशा १०४ जणांची दोन गटांत वाटणी झाली. एका गटाला सिसप्लॅटिन व जेमसायटाबिन ही औषधे दिली गेली, दुसऱ्यावर केवळ देखरेख ठेवली. पाच वर्षांच्या अखेरीस रोग न उलटलेल्यांचे प्रमाण औषध घेतलेल्या गटात ४९.३ टक्के व देखरेखीच्या गटात ५४.७ टक्के भरले. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण नाही. औषधाने लाभ झाला नाही, एवढेच त्यावरून म्हणता येते.

हा निष्कर्ष निराशाजनक असला तरी विद्यार्थ्यांनी तो बारकाईने वाचावा असा आहे. फलानुमानाची खूण आणि उपचाराची खूण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली सांगते, कोणाचे काय होणार. दुसरी सांगते, कोणाला कशाचा उपयोग होणार. पहिलीवरून दुसरी आपोआप निघत नाही, आणि वैद्यकीय लिखाणात मात्र तशी घाई वारंवार केली जाते. वरील चाचणीत पहिली खूण पुरेपूर उतरली: डी.एन.ए.ची पातळी जितकी जास्त, तितका धोका जास्त. दुसरी उतरली नाही. ज्या पेशी सिसप्लॅटिन व किरण यांच्या माऱ्यातून वाचल्या, त्यांना त्याच कुळातील औषधाने मारण्याचा प्रयत्न निष्फळ व्हावा हे मागाहून पाहता समजण्यासारखे आहे. शिवाय आणखी एक बाजू सहसा नजरेआड होते. आपल्या रक्तात रोगाची खूण आहे हे रोग्याला कळले, आणि त्यावर करण्याजोगे सिद्ध असे काहीच नाही हेही कळले, तर त्या ज्ञानाचा भार त्याने एकट्यानेच वाहावयाचा असतो. अमुक परीक्षा उपलब्ध आहे एवढ्या कारणावरून ती करावी काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ प्रयोगशाळेचा राहत नाही.

रोग लक्षणे दिसण्यापूर्वी शोधण्याच्या कामी मात्र या परीक्षेने घवघवीत यश मिळविले. हाँगकाँगमध्ये २०१३ ते २०१६ या काळात ४० ते ६२ वर्षे वयाच्या २०,१७४ चिनी पुरुषांचे रक्त तपासण्यात आले; त्यांना रोगाचे कोणतेही लक्षण नव्हते. पहिल्या तपासणीत १,११२ जणांत डी.एन.ए. आढळले. सुमारे चार आठवड्यांनी पुन्हा तपासले तेव्हा ते ३०९ जणांतच टिकून होते. यांच्यापैकी ३४ जणांना कर्करोग असल्याचे दुर्बिणीच्या व चुंबकीय अनुस्पंदनाच्या परीक्षेत निघाले. त्यांतील ७१ टक्के पहिल्या किंवा दुसऱ्या अवस्थेत होते. एरवी हे प्रमाण २० टक्के असे. तीन वर्षे रोग न वाढता राहिलेले ९७ टक्के, तर पूर्वीच्या रोग्यांत ७० टक्के. दुसऱ्यांदा तपासण्याच्या साध्या युक्तीने किती काम साधले हे पाहण्यासारखे आहे. सुप्त विषाणूची तात्पुरती जागृती काही दिवसांत शमते, अर्बुदाचा उगम शमत नाही.

याच आकड्यांवरून परीक्षेची मर्यादाही उमगते. दोनदा डी.एन.ए. आढळलेल्या ३०९ जणांपैकी दर नऊ माणसांत रोग केवळ एकालाच होता. परीक्षेची विशिष्टता ९८.६ टक्के, म्हणजे लाख निरोगी माणसांत १,४०० जणांवर तिचा खोटा ठपका बसतो. जेथे लाखात पावणेदोनशे रोगी दडलेले आहेत तेथे हे परवडते. जेथे लाखात एकच रोगी आहे, उदाहरणार्थ महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांत, तेथे एका माणसासाठी चौदाशे जणांच्या नाकात दुर्बीण घालावी लागेल. नागालँडसारख्या प्रदेशात हा हिशेब वेगळा येईल हे उघड आहे. खरा व खोटा होकार वेगळा काढण्यासाठी तुकड्यांच्या लांबीचाही उपयोग होतो, हे लो यांच्याच गटाने २०१८ मध्ये दाखविले. क्रमनिर्धारण करून पाहता रोग्यांतील विषाणुजन्य तुकड्यांची संख्या अधिक व लांबी थोडी मोठी आढळली.

आता मोजणीविषयी. वर १,५००, ४,००० अशा सीमारेषा आल्या. त्या परस्परांशी ताडून पाहण्याचा मोह टाळावा, कारण त्या वेगवेगळ्या पद्धतींनी मोजलेल्या आहेत. पुष्कळ प्रयोगशाळा विषाणूच्या जीनोमातील बाम-एच-वन-डब्ल्यू नावाचा खंड हेरतात. तो एकाच जीनोमात अनेक वेळा येतो, त्यामुळे परीक्षा अधिक संवेदनशील होते. पण तो कितीदा येतो हे विषाणूच्या वाणागणिक बदलते, आणि त्यामुळे खंडांच्या संख्येवरून जीनोमांची संख्या काढताना चूक शिरते. एकदाच येणारा खंड निवडला तर हा दोष जातो व संवेदनशीलता उणावते. हेरावयाचा खंड लांब असेल तर आखूड तुकडे मोजणीतून निसटतात, हेही आहेच. मापनासाठी नामाल्वा या पेशीवाणाचे डी.एन.ए. प्रमाण म्हणून वापरतात, कारण तिच्या प्रत्येक पेशीत विषाणूच्या दोन प्रती असतात; परंतु ते प्रमाण निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या रीतीने तयार होते. स्टॅनफर्ड, हाँगकाँग व तैवान येथील प्रयोगशाळांनी एकच नमुने तपासून २०१३ मध्ये तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा पद्धती एकरूप करण्याआधी त्यांच्या उत्तरांत लक्षणीय फरक पडत होता. सारे एकाच प्रमाणाने व एकाच विधीने मोजू लागल्यावर मेळ पुष्कळ सुधारला. जागतिक आरोग्य संघटनेने या विषाणूच्या डी.एन.ए.साठी आंतरराष्ट्रीय एकक २०११ मध्ये ठरवून दिले आहे, तरीही जुने वाङ्मय वाचताना कोणती ‘प्रत’ कशी मोजली हे आधी पाहिल्याखेरीज आकड्यावर विश्वास टाकू नये.

हाच प्रकार इतरत्रही लागू पडतो काय, याचे उत्तर अंशतः होकारार्थी आहे. हॉजकिन रोगाच्या ज्या प्रकारात हाच विषाणू कर्कपेशींत असतो तेथे, आणि घशाच्या ज्या कर्करोगांना मानवी पॅपिलोमा विषाणू कारण होतो तेथे, रक्तद्रवातील विषाणुजन्य डी.एन.ए.चा असाच उपयोग अभ्यासला जात आहे. पण दोन्ही ठिकाणी सर्वच अर्बुदांत विषाणू नसतो. आधी ऊतकात तो असल्याची खात्री करावी लागते.

प्रयोगशाळांतील मेळाचा उद्योग निव्वळ तांत्रिक हौसेपोटी झाला नव्हता. त्याच्या आधारावर २०१४ मध्ये एक मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी आखण्यात आली. मूळ उपचारानंतर ज्यांच्या रक्तात डी.एन.ए. आढळते, त्यांच्यापैकी काहींना रूढ औषधे व काहींना जेमसायटाबिन व पॅक्लिटॅक्सेल ही निराळी जोडी द्यावयाची. ज्यांच्या रक्तात ते आढळत नाही, त्यांच्यापैकी काहींना रूढ औषधे द्यावयाची व काहींना काहीच द्यावयाचे नाही. पहिल्या अर्ध्या भागात हाँगकाँगच्या चाचणीने उभा केलेला प्रश्न वेगळ्या औषधांनी पुन्हा विचारलेला आहे. दुसऱ्या अर्ध्या भागाकडे तितकेसे लक्ष जात नाही. परंतु सिसप्लॅटिनने रोग्याचे मूत्रपिंड व श्रवणशक्ती यांची काय हानी होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तो अधिक निकडीचा वाटेल. रक्त स्वच्छ निघालेल्या माणसाला पुढील औषधांच्या यातनांतून निर्धास्तपणे मोकळे करता येईल काय, हे त्यात विचारले आहे.